बाटलीतलं तेल, कागदातलं पाणी

वाचकांचे प्रश्न : ट्रान्सफॉर्मर ऑइल आणि त्याचा बीडीव्ही

पावसाळा सरला की तेलाबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतली काही निवडक पत्रं उत्तरांसह देत आहोत. बीडीव्ही म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज. चाचणीच्या कपातल्या दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटरची फट ठेवून व्होल्टेज वाढवत नेलं की ज्या आकड्याला तेलातून ठिणगी आरपार जाते, तो आकडा केव्हीमध्ये, म्हणजे हजार व्होल्टमध्ये.

आमचा ५ एमव्हीए, ३३/११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर हंगाम संपल्यावर मे महिन्यात फिल्टर करून घेतला. तेव्हा बीडीव्ही ६८ होता. नंतर ट्रान्सफॉर्मर बंदच होता. आता गाळपाच्या आधी तपासला तर ३१. तेल ३,२०० लिटर आहे. ठेकेदार म्हणतो, सगळं तेल बदला. मग मे महिन्यातलं फिल्टरेशन खोटंच होतं का?
— विद्युत विभाग, साखर कारखाना, सांगली जिल्हा

तेल बदलू नका. फिल्टरेशनही बहुधा खोटं नव्हतं, अर्धवट होतं. त्याचा हिशेब असा.

३,२०० लिटर तेलाचं वजन साधारण २,८०० किलो. त्यात ३५ पीपीएम (दहा लाख भागांत ३५ भाग) पाणी असेल तर एकूण पाणी झालं जेमतेम ९८ ग्रॅम. एक कप चहाही होणार नाही. आता वाइंडिंगवरचा (तारांच्या वेटोळ्यांवरचा) कागद आणि प्रेसबोर्ड, म्हणजे दाबलेला जाड पुठ्ठा, मिळून ३५० किलो धरा आणि त्यात ३ टक्के ओल धरा. हे पाणी झालं साडेदहा किलो. म्हणजे टाकीतल्या पाण्यातला शंभरावा हिस्सा तेलात आणि बाकी सगळं कागदात. मे महिन्यात मशीनने तेलातलं पाणी काढलं आणि तेल कोरडं झालं. पुढच्या काही आठवड्यांत कागदाने आपल्यातलं थोडं पाणी त्याला देऊन टाकलं. नवं तेल भरलंत तरी दिवाळीपर्यंत त्याचीही हीच गत होईल, फक्त बिल मोठं येईल.

त्यात चार महिने ट्रान्सफॉर्मर बंद. बंद ट्रान्सफॉर्मर दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि प्रत्येक वेळी कॉन्झर्व्हेटरमधून (वरच्या छोट्या तेलटाकीतून) थोडी हवा बाहेर टाकतो, थोडी आत घेतो. हंगाम नसताना ब्रीदरकडे, म्हणजे ही हवा सिलिका जेलमधून कोरडी करून आत सोडणाऱ्या भांड्याकडे, कुणी फिरकत नाही. जेल जुलैतच ओलीने गुलाबी झालं असेल तर पुढचे दोन महिने पावसाळी हवा थेट आत गेली. ब्रीदरच्या खालच्या कपात तेल आहे का, हेही पाहा. तो कप कोरडा असेल तर ट्रान्सफॉर्मर श्वास घेत नसतानाही बाहेरची हवा सतत जेलला लागते आणि जेल आठवडाभरात संपतं.

३१ या आकड्याचा अर्थ काय? आयएस १८६६ या भारतीय मानकाप्रमाणे ७२.५ केव्हीपर्यंतच्या चालू ट्रान्सफॉर्मरला ४० च्या वर चांगलं, ३० ते ४० मध्यम, ३० च्या खाली वाईट. चालत्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ३१ आला असता तर लक्ष ठेवून नियोजन करा म्हटलं असतं. पण तुमचा चार महिने गार पडलेला आहे. तो तसाच चार्ज करू नका, म्हणजे त्याला व्होल्टेज देऊ नका.

आता कामाचं. बंद करून, दोन्ही बाजूंनी सुटा करून, एचव्ही (उच्चदाब) आणि एलव्हीची (कमी दाब) टर्मिनल एकत्र शॉर्ट करून अर्थ करा. मशीन, टाकी आणि होजच्या आतली तारही अर्थ हवी. तेल फिल्टरच्या कागदातून वेगाने जाताना स्थिर विद्युतभार घेऊन येतं. अर्थ न केलेल्या वाइंडिंगवर तो साठला तर हात लावणाऱ्याला जोरदार झटका बसतो. तेल खालच्या व्हॉल्व्हमधून ओढायचं आणि गरम तेल समोरच्या कोपऱ्यातून वर सोडायचं. रेडिएटरचे व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकीला ताडपत्री गुंडाळा, नाहीतर मशीनच्या हीटरची उष्णता रेडिएटर उधळून टाकतात. तेल ६० ते ६५ अंशांवर ठेवा. लवकर उरकावं म्हणून ८०-९० वर नेलं तर तेलाचंच ऑक्सिडेशन सुरू होतं.

तासाला २,००० लिटरचं मशीन असेल तर एक फेरी १ तास ३६ मिनिटांची. ठेकेदार तीन फेऱ्या मारतो, मशीनच्या आउटलेटवर सॅम्पल घेतो, ६५-७० दाखवतो आणि होज गुंडाळतो. आउटलेटचं तेल नुकतंच व्हॅक्यूममधून आलेलं असतं, ते चांगलंच येणार. सॅम्पल टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून घ्यायला सांगा, आणि फेऱ्या मोजण्याऐवजी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. दर दोन तासांनी वाइंडिंग ते अर्थ रीडिंग आणि सोबत तेलाचं तापमान लिहा. त्या वेळेपुरता पंप थांबवा आणि अर्थ काढा, रीडिंगनंतर वाइंडिंग डिस्चार्ज करून अर्थ परत लावा. सुरुवातीला तेल तापेल तसं रीडिंग उतरतं, घाबरू नका. मग बराच काळ ते खालीच रेंगाळतं, कारण कागद पाणी सोडत असतो. त्यानंतर तापमान तेच असताना रीडिंग चढू लागतं आणि शेवटी स्थिरावतं. स्थिर होऊन १२ ते २४ तास गेले की काम झालं म्हणा. या आकाराच्या ओल्या ट्रान्सफॉर्मरला तीन-चार दिवस सहज लागतात. टाकी व्हॅक्यूमसाठी बांधलेली नसेल तर टाकीला व्हॅक्यूम लावू नका, पत्रा आत ओढला जातो. मशीनच्या डीगॅसिंग चेंबरमधला व्हॅक्यूम पुरेसा आहे. आणि ज्या टाक्यांना व्हॅक्यूम लावता येतो, तिथे व्हॅक्यूम चालू असताना मेगर कधीच लावू नये. विरळ हवेत अगदी थोड्या व्होल्टेजलाही ठिणगी पडते.

मग २४ तास तेल निवू द्या. बुशिंग, बुखोल्झ रिले (टाकीत वायू जमला की इशारा देणारा) आणि रेडिएटरच्या वरच्या प्लगांतून हवा काढा. तळाचं सॅम्पल ५५ च्या वर आलं तर आधी नो-लोडवर (भार न जोडता) चार्ज करा.

पुढच्या वर्षासाठी एक सूचना. शक्य असेल तर बंद हंगामात ट्रान्सफॉर्मर नो-लोडवर चार्ज ठेवा. कोअर कोमट राहते, टाकी बाहेरच्या हवेपेक्षा गरम राहते, आत दव धरत नाही. खर्च टेस्ट सर्टिफिकेटवरच्या नो-लोड लॉसवरून काढा; ५ किलोवॉट धरला तर दिवसाला १२० युनिट. तेवढं परवडत नसेल तर दर पंधरवड्याला ब्रीदर बघायला माणूस ठरवून द्या, वहीत सही घ्या.

एकाच ट्रान्सफॉर्मरचं तेल दोन ठिकाणी पाठवलं. एकीकडे २४ आला, दुसरीकडे ५२. कोणावर विश्वास ठेवायचा?
— देखभाल सुपरवायझर, चिपळूण

आधी बाटल्यांची चौकशी करा. बीडीव्हीचा आकडा हा तेलाइतकाच बाटलीचा, व्हॉल्व्हचा आणि सॅम्पल घेणाऱ्याच्या हाताचा असतो. ५२ च्या तेलाचा २४ करायला फडक्याचे चार ओले तंतू पुरतात. २४ च्या तेलाचा चुकून ५२ होणं मात्र फार अवघड. तसं झालंच तर फट चुकलेली असते किंवा तेल लॅबमध्ये तापवलेलं असतं.

सॅम्पल असं घ्या. पाऊस नको, धुकं नको. कोकणात जुलैत हे कठीण आहे, पण मग थांबा; आकडा चुकीचा मिळण्यापेक्षा उशिरा मिळालेला बरा. व्हॉल्व्हचं तोंड बिनतंतूच्या कापडाने पुसा. कॉटन वेस्ट अजिबात नको, त्याचे तंतू थेट बाटलीत जातात. पहिलं लिटर-दोन लिटर तेल बादलीत सोडून द्या. व्हॉल्व्हच्या घशात महिनोन्‌महिने साचलेलं पाणी आणि गाळ त्यात निघून जातो. (ते आधी काचेच्या भांड्यात धरून उजेडात पाहा. तळाला थेंब दिसले तर बीडीव्हीची वाटच बघायला नको.) एक लिटरची तपकिरी काचेची, ओव्हनमध्ये वाळवलेली बाटली त्याच तेलाने विसळा आणि ते तेल टाका. मग नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून सावकाश भरा. धार वरून सोडली तर हवा मिसळते. प्रसरणाला थोडी जागा ठेवून लगेच झाकण लावा. बाटली आसपासच्या हवेपेक्षा गार असेल तर आत दव धरतं, म्हणून एसी गाडीतून काढलेली बाटली अर्धा तास बाहेर ठेवून मगच उघडा. लेबलावर तेलाचं तापमान लिहा. हे जवळपास कुणी लिहीत नाही.

आणि तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. खनिज तेलात २० अंशांना साधारण ५५ पीपीएम पाणी विरघळतं, ४० अंशांना १२०, ६० ला २४०. बीडीव्ही नुसत्या पीपीएमवर ठरत नाही. तेल आपल्या क्षमतेच्या किती टक्के भरलंय यावर ठरतो. ४० पीपीएमचं तेल ६० अंशांना १७ टक्के भरलेलं असतं, आकडा छान येतो. तेच २० अंशांना ७३ टक्के भरतं आणि आकडा कोसळतो. एका लॅबने बाटली आल्या आल्या कोमट असताना तपासली आणि दुसरीने रात्रभर एसीत ठेवून तपासली, तर दोघंही प्रामाणिक असून असा फरक पडू शकतो. आयएस ६७९२ च्या पद्धतीत तेल आणि खोलीच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक चालत नाही, तो यासाठीच.

याच गणिताची दुसरी बाजू तुमच्या भागात महत्त्वाची आहे. भरल्या लोडवर ६० अंशांना असलेलं ६० पीपीएमचं तेल सुखात असतं. लाइन गेली, मुसळधार पाऊस, ट्रान्सफॉर्मर रात्रभरात २४ अंशांवर आला. तिथे क्षमता ६५ च्या आसपास. कागद पाणी परत घेतो, पण सावकाश, तेल त्याआधीच गार होतं. अशा वेळी सकाळी एकदम पूर्ण लोडने चार्ज केलेले ट्रान्सफॉर्मर जातात आणि दोष आकाशातल्या विजेवर ढकलला जातो.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : दोन्ही आकडे सोडा, वरच्या पद्धतीने दोन बाटल्या एकाच वेळी भरा, आणि बीडीव्हीबरोबर पाण्याची कार्ल फिशर चाचणीही मागा. ट्रान्सफॉर्मर ११ किंवा ३३ केव्हीचा असून पाणी ३० च्या खाली असेल आणि तरीही बीडीव्ही पडला असेल, तर दोष तंतू-कचऱ्याचा. तो साध्या फिल्टरने निघतो, व्हॅक्यूमचीही गरज पडत नाही.

आमच्या किटवर सहा रीडिंग आली : २२, ४१, ४७, ४५, ५०, ४७. पहिलं रीडिंग 'सेटिंगचं' म्हणून सोडून द्यायचं असं सीनियरनी सांगितलं आणि रिपोर्टवर ४६ लिहिलं. बरोबर आहे का?
— टेस्टिंग विभागातील शिकाऊ, नाशिक

नाही. सहाही धरायची. बेरीज २५२, सरासरी ४२. रिपोर्टवर ४२ जातो, आणि सहा आकडेही सोबत जायला हवेत.

पहिलंच रीडिंग कमी येण्याची दोन नेहमीची कारणं. एक, तेल ओतल्यावर पाच मिनिटं थांबला नाहीत आणि बुडबुडा राहिला. दोन, कप आदल्या दिवशीपासून रिकामा आणि उघडा होता. इलेक्ट्रोडवर ओल आणि धूळ होती, ती पहिल्या ठिणगीत जळाली. दोन्हींत दोष तुमचा आहे, तेलाचा नाही. म्हणून आकडा खोडायचा नसतो, कप रिकामा करून नव्या तेलाने सहाही परत घ्यायचे असतात. कप वापरात नसेल तेव्हा कोरड्या तेलाने भरून झाकून ठेवा.

तिसरी शक्यता खरी घाणीची असते : लांबट तंतू फटीत आला, जळाला, पुढची रीडिंग सुधारली. टाकीत मात्र असे तंतू ठिणगीने जाळून साफ करायची सोय नसते. पहिलं रीडिंग सोडून देणारा नेमकी हीच बातमी सोडून देतो.

उलटा क्रम, म्हणजे पहिली चांगली आणि पुढची उतरत जाणारी, दिसला तर ठिणगीनंतरचा कार्बन फटीतून जात नाहीये. दोन ठिणग्यांमध्ये दोन मिनिटं थांबा, ढवळणी चालते का पाहा. व्होल्टेज सेकंदाला २ केव्हीनेच वाढलं पाहिजे. फट दर वेळी गेजने तपासा, २.५ चा गेज जायला हवा आणि सैलही नको. इलेक्ट्रोडवर खड्डे दिसले तर पॉलिश. झाकणाचा इंटरलॉक काडी खुपसून बायपास केलेली किट अनेक ठिकाणी दिसतात. त्या काडीच्या पलीकडे ६० ते १०० केव्ही असतात, एवढं लक्षात ठेवा.

२.५ मिलिमीटरला ७० केव्ही, म्हणजे मिलिमीटरला २८. मग २२० केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला दोन-तीन सेंटिमीटर तेल पुरायला हवं. प्रत्यक्षात एवढं अंतर आणि मध्ये प्रेसबोर्डचे इतके पडदे का?
— विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

कारण तेलाला 'मिलिमीटरला इतके केव्ही' अशी ठरलेली ताकद नसतेच. तेल आपल्या सर्वांत कमजोर जागी फुटतं, आणि तेल जितकं जास्त तितकी ती जागा अधिक कमजोर निघते. वाटीभर तांदूळ निवडलात तर बारीकसा खडा निघेल. पोतं निवडलंत तर दाताला लागणारा खडा निघणारच. कपातल्या फटीत काही मिलिलिटर तेल ताणाखाली असतं, वाइंडिंगभोवती शेकडो लिटर.

खडा म्हणजे काय, ते जवळून पाहू. तेलाची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्रात ध्रुवीय होण्याची क्षमता) २.२. ओलसर सेल्युलोज तंतूची त्याहून बरीच जास्त, कारण त्यातल्या पाण्याची ८० आहे. असा तंतू विद्युतक्षेत्रात ध्रुवीय होतो आणि जिथे क्षेत्र तीव्र तिकडे ओढला जातो. एक जातो, त्याच्या शेपटीला दुसरा चिकटतो, आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये केसासारखी साखळी उभी राहते. कपावर प्रखर दिवा धरला तर ती नुसत्या डोळ्यांना दिसते. साखळीतून किंचित प्रवाह वाहतो, पाणी तापतं, वाफेचा बुडबुडा होतो. बुडबुड्याची परमिटिव्हिटी १, म्हणून गोल बुडबुड्याच्या आत क्षेत्र बाहेरच्यापेक्षा सुमारे १.२ पट. आणि आतल्या वायूची ताकद मात्र तेलाच्या दशांशाच्या घरात. बुडबुडा आधी फुटतो, पाठोपाठ तेल.

हा सगळा खेळ सेकंदांचा आहे. म्हणून ५० हर्ट्झच्या सावकाश चाचणीत घाण आणि पाणी लगेच पकडलं जातं. आकाशातल्या विजेच्या इंपल्सला, म्हणजे १.२/५० मायक्रोसेकंदांच्या (१.२ मध्ये शिखरावर चढून ५० ला अर्ध्यावर येणाऱ्या) लाटेला, तंतूंची वाट बघायला वेळ नसतो. तिथे स्ट्रीमर धावतो. इलेक्ट्रोडच्या टोकाशी तेलाचं आयनीकरण होऊन वायूने भरलेली, फांद्या फुटलेली वाट तयार होते आणि ती साधारण सेकंदाला २ किलोमीटर वेगाने पुढे सरकते. १०० मिलिमीटर फट ओलांडायला तिला ५० मायक्रोसेकंद लागतात, तोवर लाट अर्ध्यावर आलेली असते आणि स्ट्रीमर अनेकदा वाटेतच विझतो. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की मात्र हाच स्ट्रीमर सेकंदाला १०० किलोमीटरच्या वर पळतो, मग विझायला सवड उरत नाही. यावरून एक गोष्ट तुमच्या परीक्षेत नाही तरी नोकरीत उपयोगी पडेल : बीडीव्ही उत्तम असलेलं तेल इंपल्सला उत्तम असेलच असं नाही.

आता पडदे. पातळ फटीची ताकद मिलिमीटरमागे जास्त असते, म्हणून ५० मिलिमीटर तेल एकसंध न ठेवता प्रेसबोर्डच्या नळकांड्यांनी त्याचे ६ ते १० मिलिमीटरचे कप्पे पाडतात. तंतूंची साखळी एका कप्प्यातच अडते, स्ट्रीमरलाही पडदा आडवा येतो. पण पडदा जाड करून भागत नाही. एसीमध्ये ताण परमिटिव्हिटीच्या उलट प्रमाणात वाटला जातो. तेल भिजलेल्या प्रेसबोर्डची ४.४ धरली तर तेलाच्या वाट्याला प्रेसबोर्डच्या दुप्पट ताण येतो. म्हणजे दुबळ्यालाच जास्त भार. डीसीत हे उलटं होतं. तिथे वाटणी रोधकतेवर होते आणि बहुतेक ताण प्रेसबोर्डवर जातो. चंद्रपूर–पडघे ही ±५०० केव्हीची एचव्हीडीसी (उच्चदाब डीसी) लाइन आपल्याच राज्यात आहे. तिच्या टोकांवरच्या कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरांना एसी आणि डीसी दोन्ही ताण एकदम सोसावे लागतात, म्हणून त्यांचं इन्सुलेशन वेगळ्या हिशेबाने रचतात.

आमच्या इमारतीच्या तळघरात जुना तेलाचा ट्रान्सफॉर्मर आहे. आगीच्या भीतीने त्यात वनस्पती तेल, म्हणजे नॅचरल एस्टर, भरावं असा प्रस्ताव आला आहे. सोसायटीने काय पाहावं?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मुंबई

कल्पना चांगली आहे, पण नुसतं 'तेल बदललं' म्हणून सुटका नाही.

फायदा खरा आहे. नॅचरल एस्टरचा फायर पॉइंट (ज्या तापमानाला तेल पेटून जळत राहतं) ३०० अंशांच्या वर, खनिज तेलाचा १६०-१७० च्या आसपास. मात्र एस्टरमध्ये खनिज तेल साधारण ७ टक्क्यांहून जास्त राहिलं तर फायर पॉइंट ३०० च्या खाली येतो. जुनं तेल कागदात, फटींत, रेडिएटरच्या तळाशी मुरलेलं असतं. म्हणून टाकी पूर्ण निथळू देणं, गरम एस्टरने धुणं, ते धुवण फेकणं आणि मग भरणं, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. भरल्यानंतर फायर पॉइंटचा टेस्ट रिपोर्टही मागा.

दुसरं, श्वास. नॅचरल एस्टर हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होत जातो, जवसाच्या तेलासारखा. तुमच्या ट्रान्सफॉर्मरला साधा ब्रीदर असेल तर कॉन्झर्व्हेटरमध्ये रबरी पिशवी बसवावी लागेल किंवा टाकी सीलबंद करावी लागेल. हे प्रस्तावात नसेल तर प्रस्ताव परत पाठवा. आणि एकदा एस्टरने भिजलेली कोअर उघडून गरम हवेने वाळवू नका, पातळ थराचा चिकट लाखेसारखा लेप होतो.

तिसरं, एस्टर दाट आहे. ४० अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी खनिज तेलाच्या तिपटीच्या वर. रेडिएटरमधून तो मंद फिरतो आणि ट्रान्सफॉर्मर काही अंश जास्त तापतो. आत्ताच लोड भरलेलं असेल तर उत्पादकाकडून लेखी घ्या.

पाण्याच्या रिपोर्टने दचकू नका. एस्टरमध्ये १५० पीपीएम पाणी आलं तर कोणीतरी ओरडेल की मर्यादा तर ३०-४० आहे. ती खनिज तेलाची. एस्टर २० अंशांना १,००० पीपीएमच्या वर पाणी विरघळवतो, म्हणून १५० म्हणजे जेमतेम १५ टक्के. नव्या नॅचरल एस्टरला आयईसी ६२७७० या आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादाच २०० आहे. उलट कागदातलं पाणी तो ओढून घेतो, हा जुन्या ट्रान्सफॉर्मरला फायदाच.

एका बाबतीत एस्टर उणा आहे. लांब, असमान फटींत वेगवान स्ट्रीमर त्यात खनिज तेलापेक्षा कमी व्होल्टेजला सुरू होतो. ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये याने फारसं बिघडत नाही. मोठ्या व्होल्टेजच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र नुसतं तेल बदलून भागत नाही.

अतिशुद्ध पाणी इन्सुलेटर म्हणून वापरतात असं वाचलं. हे कसं शक्य आहे?
— भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, नागपूर

शक्य आहे, फक्त क्षणभरासाठी. २५ अंशांना अतिशुद्ध पाण्याची रोधकता सुमारे १८ मेगाओहम-सेंटिमीटर. परमिटिव्हिटी ८० धरून गुणाकार केला तर त्यात ठेवलेला विद्युतभार गळून जायचा कालांक येतो साधारण १२७ मायक्रोसेकंद. ५० हर्ट्झचं अर्धं चक्र १०,००० मायक्रोसेकंदांचं, तेव्हा तिथे पाणी निरुपयोगी. मिलिमीटरला १ केव्ही इतका माफक ताण दिला तरी लिटरमागे साडेपाच किलोवॉट उष्णता तयार होईल. साध्या गीझरच्या दुपटीहून जास्त; ते पाणी मिनिटभरात उकळेल.

पण काम जर एका मायक्रोसेकंदात संपणार असेल तर? अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेचं झेड मशीन हेच करतं. त्याच्या ३६ शाखा आहेत. मार्क्स जनरेटर (अनेक कपॅसिटर एकामागे एक जोडून मोठं व्होल्टेज देणारे) तेलात बुडवलेले, आणि त्यांच्यापुढच्या स्पंद आखूड करणाऱ्या लाइन शुद्ध पाण्यात. शेवटी सुमारे १०० नॅनोसेकंदांत २ कोटी ६० लाख अँपियरच्या घरात प्रवाह मिळतो.

अशा यंत्रांसाठी ब्रिटनमधल्या ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रातल्या जे. सी. मार्टिन यांनी बसवलेलं सूत्र अजून वापरात आहे. क्षेत्र (सेंटिमीटरला मेगाव्होल्टमध्ये) गुणिले वेळेचं घनमूळ (मायक्रोसेकंदांत) गुणिले इलेक्ट्रोडच्या क्षेत्रफळाचं दशममूळ (चौरस सेंटिमीटरमध्ये) बरोबर एक स्थिरांक. तेलाला तो ०.५, पाण्यात धन इलेक्ट्रोडकडून ०.३, ऋणाकडून ०.६. वेळ म्हणजे व्होल्टेज शिखराच्या ६३ टक्क्यांच्या वर असतं तेवढी. वर्गात करून बघण्याजोगं गणित आहे : १ मायक्रोसेकंद आणि १,००० चौरस सेंटिमीटर घेतले तर तेल ०.२५ ला फुटतं, पाणी ०.१५ ला. पाणी दुबळंच, मग घ्यायचं कशाला? साठवणुकीसाठी. या ताणांना एक लिटर पाणी सुमारे ८० जूल साठवतं, एक लिटर तेल ६. दशममुळातून आणखी एक गोष्ट दिसते : इलेक्ट्रोड दसपट मोठा केला की ताकद पाचव्या हिश्शाने घटते. वरच्या विद्यार्थ्याला सांगितलेला तांदळातला खडा इथेही आहेच.

तेल काळपट झालंय, पण बीडीव्ही ५५ आहे. बदलावं का?
— ११ केव्ही ग्राहक, इचलकरंजी

बीडीव्हीवरून हे ठरत नाही. तो पाणी आणि घाण सांगतो, म्हातारपण सांगत नाही. म्हातारं, आंबट तेलही कोरडं आणि गाळलेलं असेल तर ५५ देतं. आम्लता आणि इंटरफेशियल टेन्शन (तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण) तपासा. या व्होल्टेजला आम्लता ०.३० च्या वर गेली असेल तर गाळ धरतो, कूलिंग डक्ट तुंबतात. तेव्हा रिक्लेमेशन (तेच तेल शुद्ध करून पुन्हा वापरणं) किंवा बदल. रंग काही महिन्यांतच पालटला असेल आणि ट्रान्सफॉर्मरला ओएलटीसी (चालू लोडवर टॅप बदलणारा स्विच) असेल, तर विरघळलेल्या वायूंची चाचणी करा. ॲसिटिलीन दिसलं तर त्या स्विचच्या डायव्हर्टरच्या कप्प्यातून मुख्य टाकीत गळती आहे का, हे आधी बघावं लागेल, कारण आत आर्किंग चालू असल्याचीही खूण तीच असते.

नव्या तेलाचे सीलबंद ड्रम आणले. टॉप-अपसाठी थेट ओतले तर चालतील ना?
— ठेकेदार, अहिल्यानगर

नाही. प्रक्रिया न केलेल्या नव्या तेलाला मानकात बीडीव्हीची हमी फक्त ३० ची असते. ७० हा आकडा प्रक्रियेनंतरचा. मशीनमधून काढून, तपासून मगच टाका. आणि ड्रम उभे ठेवू नका. उभ्या ड्रमच्या वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं, रात्री ड्रम गार झाला की तेच बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. आडवे ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, म्हणजे दोन्ही आतून तेलाखाली राहतात. जमिनीवर नको, लाकडी ओंडक्यांवर, वर पत्रा.